सोत्गुमीच्या खाजणातली भोकं

३ मार्च

मच्छीमार संघाकडून दरवर्षी एक डायरी मिळते. आजवर ती आमच्या घरात भाजीच्या याद्या लिहायला जात असे. यंदा मी ती ताब्यात घेतली आहे. सोत्गुमी गावच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून माझं हे चौथं वर्ष. पुढे जो कोणी या खुर्चीवर बसेल त्याला मार्गदर्शन असावं, एवढाच हेतू.

मी ग्वाक मान-सू, वय अडुसष्ट. तीस वर्षं बंदरावर बोटीची तिकिटं फाडली, मग गावी आलो. मंडळात एकतीस घरं आहेत आणि खाजण सगळ्यांचं मिळून आहे. ओहोटीला ते दोन किलोमीटर उघडं पडतं, त्यात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, असतात. कुठल्या दिवशी काढायच्या, घरटी किती काढायच्या, हे मंडळ ठरवतं. घराला एक मत, आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. काढायला बायका जातात. ही व्यवस्था फार जुनी आहे आणि तिच्यावरून कधी भांडण झालेलं नाही.

माझ्या कारकिर्दीत सभागृहाच्या फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्या बदलल्या, नवा भोंगा बसला. पण सगळ्यांत गाजलेलं काम पहिल्याच वर्षीचं. घरटी दिवसाला तीस किलोंची मर्यादा होती ती मी पन्नास केली, आणि महिन्याला आठ दिवसांचे चौदा दिवस केले. एक सोडून सगळे हात वर झाले. वर न झालेला हात माल-जा आजीचा. ती विधवा, म्हणून मत तिच्याच नावावर आहे. आता शहाऐंशीची आहे. त्या वयात माणसाला बदल सोसत नाही.

२० मार्च, मोठी ओहोटी

हंगामाचा पहिला दिवस. सकाळी सहाला भोंग्यावरून घोषणा केली. आवाज स्वच्छ होता. बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघाल्या, मी बांधावर उभा राहून हात हलवला.

अकराला परत आल्या. माझी बायको पिल-न्यो हिचं पोतं अर्धंही भरलेलं नव्हतं. मांडीपर्यंत चिखल.

"पडलीस का, सांग-जिनची आई?" (सांग-जिन आमचा मुलगा. शहरात लिफ्ट दुरुस्त करतो.)

"मी नाही पडले. जमीन पडली."

ती म्हणते, खाजण आतून पोकळ झालंय. पाय ठेवावा तर आत जातो. वर सगळी भोकंच भोकं. खुरप्याने उकरलं की तिसरीच्या जागी पाणी, आणि पाण्यात सोक.

सोक म्हणजे कोळंबीचा चिखलात राहणारा चुलतभाऊ. बोटाएवढा, फिकट, दिसायला बिचारा. पण मीटरभर खोल घर खणतो. पूर्वी हंगामात दोनचार मिळायचे, तळून खायचो. आज एका खुरप्याच्या पात्याखाली बायकोने सात भोकं मोजली. भोकं पडलेल्या त्या भुसभुशीत चिखलात तिसरीला रुतून बसता येत नाही. लाट आली की उलटते आणि मरते.

उद्याची पाळी रद्द केल्याची घोषणा दुपारी केली. ही घोषणा करताना आवाज तेवढा स्वच्छ नव्हता.

२२ मार्च

कार्यकारिणीची बैठक. सहा पुरुष, अकरा कप कॉफी. चिटणीस योम म्हणाला, समुद्र तापलाय म्हणून सोक वाढले. त्याचा मेहुणा म्हणाला, पलीकडच्या गावाने धक्का बांधला, त्याने प्रवाह फिरला. मला दोन्ही कारणं पटली. दोन्हींत आमचा काही दोष नव्हता.

बायको कॉफी घेऊन आली. "तिसऱ्या दाट होत्या तेव्हा हे सोक कुठे होते?" तिने विचारलं.

"वहिनी, ह्याच्यामागे शास्त्र आहे," योम म्हणाला.

"असेल बाई. साखर अजून घालू?"

ठराव: ट्रॅक्टरने खाजण नांगरावं. भोकं मोडली की सोक मरतील. एकमताने मंजूर.

आमच्या बाजूची माणसं सरळ नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायला त्यांना एक ऋतू लागतो. त्यामुळे एकमत पटकन होतं.

९ एप्रिल

नांगरणी. उद्घाटनाला मी स्वतः ट्रॅक्टरवर बसलो. साठ पावलं छान गेली. एकसष्टाव्याला पुढचं डावं चाक आत गेलं, मग उजवं, मग ट्रॅक्टरने समुद्राला नमस्कार केल्यासारखं नाक टेकवलं. ट्रॅक्टर योमचा आहे.

भरतीपर्यंत अडीच तास होते. दोरखंड, फळ्या, आरडाओरडा, सगळं करून झालं. बायका बांधावर बसून रताळी खात होत्या. भरती वेळेवर आली.

"गेजांग," माल-जा आजी म्हणाली. अध्यक्षाला आमच्याकडे गेजांग म्हणतात, पण ती मला एरवी नावानेच हाक मारते. पदाने हाक मारली की जपून राहावं लागतं. "गेजांग, वरची काच लावून घ्यायला हवी होती. आत पाणी जाईल."

१२ एप्रिल

ट्रॅक्टर काल बाहेर काढला. योम माझ्याशी बोलत नाही.

नांगरलेल्या भागाची पाहणी केली. तिथे आता नवी, स्वच्छ कडेची भोकं आहेत. आमच्या सभागृहाची नळी दुरुस्त व्हायला दोन हिवाळे लागले होते. सोकांनी अख्खी वसाहत तीन दिवसांत उभी केली.

७ मे

आता हाताने पकडायचं ठरलं आहे. जुनी पद्धत: वरचा चिखल फावड्याने सारायचा, उघड्या भोकांवर सोयाबीनचं आंबवलेलं वाटण पाण्यात कालवून ओतायचं, मग भोकात ब्रश घालायचा. ब्रश म्हणजे लिहायचा. घरात माझ्याकडे सुलेखनाचा एक चांगला आहे, सभागृहाची पाटी त्याच ब्रशने रंगवली. तो घेऊन गेलो. खाजणात हाताने काम करायला मी गेल्या चार वर्षांत पहिल्यांदा उतरलो, याची नोंद असावी.

माल-जा आजीने शिकवलं. "घाल आत. आता थांब. त्याला वाटतं घरात परका सोक घुसला. तो ढकलत ढकलत वर आणतो. नांग्या दिसल्या की चिमटीत धर."

"किती वेळ थांबायचं?"

"त्याला राग येईस्तोवर."

माझ्या ब्रशचा कोणालाच राग येईना. शेजारी आजीने बसल्या जागी चाळीस काढले. मी दोन तासांत सात. एका भोकातून सोकाऐवजी एक छोटा मासा निघाला, एकातून इवलासा खेकडा. भाडेकरू ठेवलेत वाटतं.

"पूर्वी ह्यांना इथे पाय टेकायला जागा नसायची," आजी म्हणाली. "तिसऱ्या इतक्या दाट की खुरपं मारलं तर दगडावर मारल्यासारखा आवाज यायचा. पिल्लू सोक वरून यायचं आणि तसंच वाहून जायचं."

म्हाताऱ्या माणसांना जुनं सगळं दाट वाटतं. मी वाद घातला नाही. एकशे चाळीस वर्षांत खाजण मोकळं होईल असा अंदाज आहे, माझा वेग धरला तर.

१५ जून

प्रांताच्या संशोधन केंद्रातून बिन नावाच्या बाई आल्या. तिशीच्या असतील, गमबूट स्वतःचे आणले होते. त्यांनी एका भोकात पातळ राळ ओतली आणि दुसऱ्या दिवशी घट्ट झालेला साचा उपटून काढला. वर दोन तोंडं, खाली एकच लांब दांडा, माझ्या छातीपर्यंत उंच. मी तो सभागृहात माजी अध्यक्षांच्या फोटोंशेजारी उभा केला आहे.

बाईंनी दोनशे सोक मोजून पिशव्यांत भरले, नळकांडी खुपसून चिखल घेतला, बायकांना प्रश्न विचारले. मला एकच विचारला: "मर्यादा कधी वाढवलीत?" मी तारखेसकट सांगितलं. असा प्रश्न विचारणारी ही पहिलीच सरकारी व्यक्ती. माझ्या कामाची दखल घेतली जाते आहे.

२८ जुलै

अहवाल आला. चार पानं.

दोनदा वाचला. लिहिलं आहे की आमचे सगळे सोक तीन वर्षांचे किंवा त्याहून लहान आहेत. त्याआधीचा एकही नाही. तिसऱ्या दाट असतात तिथे सोकाची पिल्लं टिकत नाहीत. तिसऱ्या पाण्याबरोबर ती गाळून खातात, आणि शिंपल्यांनी भरलेल्या घट्ट जमिनीत खणायला वाव नसतो. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या विरळ झाल्या आणि सोक आत आले. एकदा आत आल्यावर त्यांनी जमीनच अशी करून टाकली की तिसऱ्यांना परत येता येईना.

अहवालाचा रोख स्पष्ट नाही.

बाईंना फोन केला. "समुद्र तापल्यामुळे असेल का?"

"पलीकडच्या गावातही तेवढाच तापलाय. तिथे मर्यादा तीसच आहे, आणि सोक नाहीत."

"पण त्यांचा धक्का..."

"धक्का त्यांच्याकडे आहे, ग्वाकसाहेब. प्रवाह बदलला असेल तर त्यांचा बदलेल."

मर्यादा वाढवल्यावर बायका पोती भरत होत्या, मी भोंग्यावरून शाबासकी देत होतो. तिसऱ्यांची संख्या तिसऱ्यांनीच कमी केली असावी, रोग वगैरे. अहवाल किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, फ्रिजमध्ये खालच्या खणात ठेवला आहे. पावसाळी हवेत कागद खराब होतात.

६ ऑगस्ट

तो फ्रिज फक्त मीच उघडतो असं मला का वाटलं, सांगता येणार नाही. मी आयुष्यात तो दोनदा उघडला असेल.

जेवताना सांग-जिनची आई म्हणाली, "कागदाला वास लागलाय. सभेत वाचताना जरा लांब धरा."

सभेत वाचणार असं मी कुठेही म्हटलेलं नव्हतं.

"तू वाचलास?"

"लिहिलेलं काही नवीन नव्हतं." तिने माझ्या वाटीत मासा वाढला. "पन्नास किलो भरायचं म्हटल्यावर बारीकसुद्धा घ्यावी लागायची. आधी आम्ही परत टाकायचो. दुसऱ्याच वर्षी खुरप्याखाली फरक कळला."

"मग बोलली का नाहीस?"

"मत तुमच्या नावावर आहे ना."

तीन वर्षं ती हे मला सांगत होती, रताळं देताना, कॉफी देताना, पायातला चिखल धुताना. मी ते बायकांचं बोलणं समजत होतो.

१ ऑक्टोबर

सणाला सांग-जिन आला होता. त्याला अहवाल दाखवला. तो म्हणाला, "बाबा, हे लोकांना माहीत आहे." "कोणाला?" "सगळ्यांना. मी शहरात राहतो, मलासुद्धा माहीत आहे." मग म्हणाला, "ते तुम्ही सांगायची वाट बघतायत."

सप्टेंबरभर खाजणात दर ओहोटीला घरटी एक बादलीसुद्धा मिळाली नाही. माल-जा आजी तरी रोज जाते. तिला दुसरं काही करता येत नाही, असं ती सांगते. दोन पाळ्या चुकवल्या तर हातपाय विसरतील म्हणते. तिच्या घरातून खाजण दिसतं आणि सभागृह दिसत नाही, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं.

बिनबाईंना पत्र लिहिलं: उपाय काय? उत्तर आलं: सोक जमेल तेवढे काढा, मग बियाण्याच्या तिसऱ्या दाट पेरा, आणि निदान दोन वर्षं एकही काढू नका. पेरलेल्या तिसऱ्याच पुढचे सोक अडवतील.

दोन वर्षं खाजण बंद. हे सभेत मांडायचं. मांडलं नाही तर खाजण संपलं, हेही त्यांनी लिहिलं आहे. आणि मांडायचं तर आधी हे कशाने झालं ते सांगावं लागेल.

१८ डिसेंबर

वार्षिक सभा. सभागृहाची फरशी गरम होती, तेवढं एक काम मी चांगलं केलं. एकतीस घरांचे तीस पुरुष आणि माल-जा आजी. शेजारच्या स्वयंपाकघरात बायका तिसऱ्यांच्या शेवया करत होत्या. तिसऱ्या बाजारातून विकत आणलेल्या. सोत्गुमीत हे पहिल्यांदा घडलं.

मी दोन भाषणं लिहून नेली होती. पहिलं समुद्राच्या तापमानावर. ते काढलं, चष्मा लावला, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून सांग-जिनची आई कांदापात चिरताना दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ते भाषण खिशात ठेवलं आणि अहवाल वाचला. चारही पानं. लांब धरून.

योमने घसा खाकरला. "म्हणजे यात दोष कुणाचा, असं अहवालात..."

"ठराव मी आणला होता," मी म्हणालो. "मला लोकप्रिय व्हायचं होतं. चुकलो."

"हात तर आपण सगळ्यांनीच वर केले होते," योमचा मेहुणा म्हणाला.

"मी नव्हता केला," माल-जा आजी म्हणाली.

तेवढं झाल्यावर मी दोन वर्षं बंदचा ठराव मांडला. पुरुषांनी जमिनीकडे पाहिलं. कोणाच्या गुडघ्याखालची फरशी अचानक फार गरम झाली असावी. शेवटी योम म्हणाला, "दोन वर्षं म्हणजे... घरी बायकांना काय सांगायचं?"

स्वयंपाकघरातून हशा आला. भांडी वाजत होती तीही थांबली.

मला तेव्हा सुचलं, आणि सुचलं तसं बोलून टाकलं. मंडळाच्या घटनेत लिहिलंय घराला एक मत. हात कोणाचा वर व्हायचा ते लिहिलेलं नाही. "ज्याचे गुडघे खाजणात जातात त्याने हात वर करावा."

"असं कधी झालेलं नाही," योम म्हणाला.

"ट्रॅक्टरही कधी बुडला नव्हता, भावजी," दारात त्याची बायको उभी होती, पण बोललं तिच्या मागून कुणीतरी. कोण ते कळलं नाही. आवाज माझ्या घरातला वाटला.

बायका हात पुसत बाहेर आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, बसायला जागा नव्हती. मी विचारलं, दोन वर्षं बंद, कोणाला मान्य?

सगळ्यांत आधी आजी. "दोन वर्षं म्हणजे मी अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. मग हात वर केला. "बंद करा."

मग सत्तावीस हात. तीन नाहीत, त्यांचं कारण खरं होतं, मुलांची शिक्षणं. त्यांना मंडळाच्या जाळ्यांच्या दुरुस्तीचं काम देण्याचं ठरलं.

एक दुरुस्ती सांग-जिनच्या आईने सुचवली. सोक काढायचं काम, पेरणीच्या आधी, त्यांनी करावं ज्यांनी तीन वर्षांपूर्वी हात वर केला होता. भिंतीकडून एकमताने मंजूर.

मी राजीनामा दिला. नामंजूर. भोंग्यावर बोलायला दुसरं कोणी तयार नाही.

११ मार्च

तीस पुरुष, नववा दिवस. सोकांना आमचा राग आता लवकर येतो. माझे काल एकशे दहा. योम माझ्याशी बोलतो, "सरक" एवढं.

आज भरलेलं पोतं मी खाजणातून बांधापर्यंत स्वतः आणलं. ओलं, तीस किलोंचं. चारदा खाली ठेवलं. पन्नासचा आकडा मी लिहिला होता तेव्हा तो कागदावर एवढासा दिसला होता. बायका हे महिन्यातून चौदा दिवस करत होत्या आणि संध्याकाळी माझं जेवण वाढत होत्या. मला फार लाज वाटली. घरी येऊन मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पाठीला पट्टी लावते, उपडे व्हा."

२४ एप्रिल, मोठी ओहोटी

बियाणं आलं. नखाएवढ्या तिसऱ्या, ओल्या गोण्यांत. बिनबाईंनी नकाशा आणला होता: पाण्याच्या कडेला, दीड किलोमीटर आत, तिथे वाढ चांगली होते. काठाजवळ पेरू नका, तिथे अन्न कमी, वाढायला जास्त वेळ लागतो, बऱ्याच मरतात. मी भोंग्यावरून सगळ्यांना तसं बजावलं.

माल-जा आजी ट्रॉलीत बसून आली. हिवाळ्यात ती पडली होती, आता काठी आहे. बांधावर उतरून तिने एक मूठ बियाणं हातात घेतलं, बोटांनी चाळलं.

"ह्या अंगठ्याएवढ्या कधी होतात?"

"दोन वर्षांनी," बिनबाई म्हणाल्या.

आजीने खाजणाकडे पाहिलं, आत, नकाशात खूण केलेल्या जागेपर्यंत. "तिथे माझ्याने पोचणं होणार नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं.

सांग-जिनच्या आईने पहिली गोण उचलली, बांधाच्या पायथ्याशी नेली, मोजून दहा पावलांवर, आणि तिथे उघडली. मग योमच्या बायकोने दुसरी. आजीला दोघींनी धरून खाली उतरवलं आणि ती काठी चिखलात रोवून, वाकून, मुठीमुठीने पेरायला लागली. बिनबाई आपल्या नकाशाची घडी घालत होत्या. घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.

मंडळाच्या नोंदीत मी सगळं बियाणं नकाशाप्रमाणे पेरलं असं लिहिलं आहे. खरं काय ते इथे. तीन गोण्या काठाजवळ गेल्या. एक माझ्या हाताने.